नीरेच्या अलीकडची सातवी

इंदापूरहून अकलूजच्या दिशेने निघाले की सराटी लागते आणि सराटीच्या पुढे नीरा नदीवरचा पूल. आषाढात तुकोबांची पालखी येथे येते, पादुकांना नीरास्नान घडते आणि सोहळा पुणे जिल्हा सोडून सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करतो. वारकऱ्याला ही हद्द जाणवत नाही. टाळ अलीकडे वाजतो तसाच पलीकडे वाजतो. ऊस दोन्ही काठांवर सारखाच उभा असतो. सोयरीक तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पण महाविद्यालयात शिकणाऱ्या आणि लांब पल्ल्याचे धावणाऱ्या मुलामुलींच्या आयुष्यात हा पूल फार मोठी सीमारेषा आहे. हे मला उमगले ते नोकरीची बहुतेक वर्षे सरल्यावर, आणि तेही एका पाटकऱ्याच्या तोंडून.

मी ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होतो. करोनाच्या आधीच्या एका वर्षी आमच्याकडे इंदापूर तालुक्यातली एक मुलगी धावायची. वडील नीरा डाव्या कालव्याच्या एका चारीवर पाटकरी. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचे, पाळी कोणाची, दारे कधी बंद करायचे, हे त्यांचे काम. मुलगी पहाटे कालव्याच्या भरावावरून धावायची आणि वडील त्याच भरावावरून सायकलीने मागे यायचे. तालुक्यात, मग पुणे जिल्हा विभागात तिने सर्वांना मागे टाकले. पुढची पायरी आंतरविभागीय क्रॉसकंट्रीची. स्पर्धा नाशिक जिल्ह्यात होती. तीनशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास एसटीने करून आम्ही रात्री उशिरा पोहोचलो आणि सकाळी मुलगी आरंभरेषेवर उभी राहिली.

क्रॉसकंट्रीच्या शेवटी दोर बांधून एक अरुंद गल्ली केलेली असते. धावपटू तीत शिरला की पुढे-मागे होता येत नाही. टोकाला उभा असलेला पंच हातात क्रमांकाचा पुठ्ठा देतो. माझ्या मुलीच्या हातात ७ आकडा आला. सहावी तिच्यापुढे चार-पाच पावलांवर होती. विद्यापीठाच्या संघात त्या वर्षी सहा जणी घ्यायच्या होत्या. सहा गेल्या, सातवी घरी आली. यात कोणाचीही चूक नव्हती. पंच नेमके होते, निकाल स्वच्छ होता, पुढच्या सहाही जणी खरोखर पुढे होत्या.

परत आल्यावर एसटी स्टँडवर वडील घ्यायला आले होते. चहा झाला. मग त्यांनी हळूच विचारले, "सर, सराटीच्या पुलापलीकडं नाव घातलं असतं, तर पोरगी गेली असती का हो?"

मी म्हणालो, "असं नसतं हो ते."

घरी येऊन विचार केला तेव्हा कळले की ते तसेच असते. त्याच वर्षी एका जत्रेतल्या शर्यतीत तिने पलीकडच्या दोन मुलींना चांगलेच मागे टाकले होते. त्या दोघी आपल्या विद्यापीठातर्फे अखिल भारतीय स्पर्धेला गेल्या. ही त्यांच्याविषयीची तक्रार नाही. त्यांच्या विद्यापीठात त्या पहिल्या सहांत होत्या आणि जाणे हा त्यांचा हक्कच होता. प्रश्न आहे तो शिडीच्या रचनेचा.

सहा जागा, तीन जिल्हे

ही शिडी वाचकांना एकदा समजावून सांगणे आवश्यक आहे. महाविद्यालयातला धावपटू आधी विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग आहेत. विभागातून निवडलेले धावपटू आंतरविभागीय स्पर्धेत एकत्र येतात आणि तेथून विद्यापीठाचा संघ निघतो. पुढे भारतीय विद्यापीठ संघाची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. खो-खो, फुटबॉल अशा सांघिक खेळांना मध्ये उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी विभागीय फेरी असते. क्रॉसकंट्रीला ती नाही. विद्यापीठाचा संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या आरंभरेषेवर उभा राहतो.

ऐकायला हे सुटसुटीत वाटते, न्याय्यही वाटते. प्रत्येक विद्यापीठाला एक संघ. कोणाला अधिक नाही, कोणाला उणे नाही. परंतु विद्यापीठ म्हणजे काय, हे पाहिले की समतेचा हा देखावा विरघळतो. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले बारा जिल्हे त्याच्या कक्षेत होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले. १९९० मध्ये धुळे आणि जळगाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे गेले. आज पुणे, अहिल्यानगर, नाशिक असे तीन मोठे जिल्हे उरले आहेत. पुलापलीकडचा सोलापूर जिल्हा शिवाजी विद्यापीठात होता. २००४ मध्ये त्याचे एका जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. २००४ पूर्वी अकलूजच्या मुलीला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलींना मागे टाकावे लागत असे. त्यानंतर तिची स्पर्धा आपल्या जिल्ह्यापुरती उरली. ती एका रात्रीत अधिक वेगाने धावू लागली नव्हती. नकाशावरची एक रेघ सरकली होती.

या रेघा प्रशासनाच्या सोयीसाठी, परीक्षांच्या भारासाठी, प्रादेशिक आकांक्षांसाठी आखल्या गेल्या, आणि ते योग्यच होते. त्या आखताना धावपटूंचा विचार कोणी केला नाही, करण्याचे कारणही नव्हते. पण क्रीडा स्पर्धेने तीच रेघ जशीच्या तशी उचलून पात्रतेचा निकष बनवावी, हा आळस आहे.

आता यात खाजगी आणि अभिमत विद्यापीठांची भर पडली आहे. पुण्याच्या परिसरातच अशी कितीतरी आहेत. काहींचे एकच आवार, विद्यार्थी काही हजार. तरीही राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचा एक संघ आणि तीन जिल्ह्यांचाही एकच संघ. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात १,१६८ विद्यापीठे आणि ४५,४७३ महाविद्यालये होती. म्हणजे सरासरीने एका विद्यापीठामागे ३९ महाविद्यालये. परंतु सरासरी येथे फसवी आहे. काही विद्यापीठांना एकही संलग्न महाविद्यालय नाही आणि काहींना शेकड्यांनी आहेत. इंदापूरची मुलगी या दुसऱ्या प्रकारात जन्माला आली, एवढाच तिचा दोष.

संघ कशाला म्हणायचे?

दुसरा प्रश्न याहून कमी बोलला जातो. क्रॉसकंट्री हा दिसायला एकट्याचा खेळ असला तरी त्याचा गाभा सांघिक आहे. जागतिक स्पर्धेत सध्या देशाच्या सहा जणांचा संघ उतरतो आणि त्यांतल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवतात; ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी. समजा, एका संघाचा धावपटू पहिला आला, पण त्याचे पुढचे तिघे ३८, ४१ आणि ४४ वे आले. बेरीज १२४. दुसऱ्या संघाचे चौघे ११, १२, १३, १४ असे आले. बेरीज ५०. पदकाच्या चौथऱ्यावर त्यांच्यापैकी एकट्याने कोणी चढणार नाही, पण संघ म्हणून ते कितीतरी पुढे आहेत. असे चौघे घडतात कसे? रोज एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावल्याने. चौथा मागे पडू लागला की तिसरा त्याला हाक मारतो. वाऱ्याच्या तोंडावर आळीपाळीने एकेक जण पुढे येतो. हुतुतूत किंवा लेझीमच्या ताफ्यात जसा मेळ लागतो, तसाच येथेही लागतो.

आपल्या पद्धतीत या मेळाला जागाच नाही. आंतरविभागीय स्पर्धेतून पहिले सहा उचलायचे आणि त्यांना संघ म्हणायचे. एक दिंडोरीचा, एक संगमनेरचा, एक पुणे शहरातला, एक दौंडचा. त्यांची एकमेकांशी ओळख होते ती बहुधा रेल्वेच्या फलाटावर. शिबिर झाले तर काही दिवसांचे. दुसरीकडे एखाद्या महाविद्यालयाने पाच-सहा मुले वर्षानुवर्षे एकत्र घडवली, तरी तो संघ म्हणून आपल्या विद्यापीठाच्या कुंपणापलीकडे कधीच जाऊ शकत नाही. कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या आळ्वाज संस्थेने धावपटूंना निवास, आहार, शिक्षण देऊन दत्तक घेतले आणि त्या बळावर मंगळूर विद्यापीठाने मैदानी स्पर्धांत देशभर दबदबा निर्माण केला. तेथे महाविद्यालयाचा संघ आणि विद्यापीठाचा संघ जवळजवळ एकच होऊन गेला. बारामती-इंदापुरात सहकाराने साखर कारखाने उभे केले, शिक्षणसंस्था उभ्या केल्या, कृषी विज्ञान केंद्र उभे केले. मनात आणले तर धावपटूंचे असे केंद्र येथे अशक्य नाही. पण ते उभारून आपला संघ म्हणून कोठे जाता येणार नाही, हे ठाऊक असल्यावर कोणती संस्था त्यात पैसा घालील?

कागदाचे मोल

यावर कोणी म्हणेल, धावण्याची हौस असेल तर मुलीने धावावे. राष्ट्रीय स्पर्धेला गेली काय आणि न गेली काय, बिघडते कुठे? असे म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे पाचला भवानीनगर ते लासुर्णे किंवा भिगवणच्या बाजूला एखाद्या रस्त्यावर उभे राहावे. अंधारात धावणारी जी मुले-मुली दिसतील, त्यांच्यापैकी हौसेखातर धावणारी फार थोडी. बहुतेक जण पोलीस भरतीची किंवा सैन्याची तयारी करत असतात. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत कापले तर त्या चाचणीचे पूर्ण गुण. हा आकडा आमच्याकडच्या दहावीच्या मुलालाही तोंडपाठ असतो. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी पायांनी धावलेल्या लता करे यांची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांच्यावर पुढे चित्रपटही निघाला. त्या धावल्या त्या आजारी नवऱ्याच्या उपचारांसाठी. आमच्या भागात पाय असे गरजेने उचलले जातात.

म्हणूनच विद्यापीठाच्या गणवेशाचे मोल मोठे आहे. केंद्र सरकारच्या नियमांनुसार गट क पदांवर गुणवान खेळाडूंची थेट नेमणूक करता येते, आणि त्यासाठी जे पात्र ठरतात त्यांत आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूंचा समावेश आहे. येथे पदकाची अट नाही, प्रतिनिधित्व पुरते. राज्य शासनानेही २००५ पासून खेळाडूंसाठी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण ठेवले आहे. तेथे ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतले प्रावीण्य लागते. नेमणूक मिळेलच असे नाही, जागा थोड्या असतात, स्पर्धा मोठी असते. पण रांगेत उभे राहण्यासाठी जो कागद लागतो, तो सहावीला मिळतो आणि सातवीला मिळत नाही. चार-पाच पावलांचे अंतर असे आयुष्यभर लांबत जाते. मुलीच्या बाबतीत तर ते आणखी लांबते. मुलगा राहिला तर घरचे म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. मुलगी राहिली तर स्थळे बघायला लागतात.

नाशिकच्या मुली

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग सोपे आहे. प्रत्येक विभागाला ठरावीक जागा वाटून द्या. पुणे जिल्ह्याला दोन, नाशिकला दोन, या हिशेबाने इंदापूरची मुलगी सहज गेली असती. मीही काही काळ असेच म्हणत होतो. नंतर माझे मत बदलले.

माझी मुलगी हरली ती प्रामुख्याने नाशिकच्या मुलींकडून. नाशिकने महाराष्ट्राच्या लांब पल्ल्याच्या धावण्याचा चेहराच बदलून टाकला आहे. त्र्यंबकच्या बाजूच्या सावरपाड्यातून आलेल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. नाशिकच्याच संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक जिंकले. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तेथे अनेक वर्षे ठाण मांडून बसून हे काम केले. त्या मुली आदिवासी पाड्यांतून, डोंगरउतारांवरून आल्या. त्यांच्या घरी ना ऊस ना कालव्याचे पाणी. विभागवार समान वाटणी केली तर नाशिकची चौथी-पाचवी मुलगी घरी राहील आणि तिच्यापेक्षा मागे आलेली आमची मुलगी गाडीत बसेल. पाटकऱ्याच्या मुलीवरचा अन्याय दूर करण्यासाठी पाड्यावरच्या मुलीवर अन्याय करायचा, हा न्याय कसला? पुणे जिल्हा विभागात शिक्षणसंस्थांचे, कारखान्यांचे, रस्त्यांचे जाळे आहे. मागासलेपणाचा दाखला आम्ही कोणत्या तोंडाने मागायचा?

म्हणजे दुखणे सहा जागा कशा वाटायच्या यात नाही. दुखणे आहे ते तीन जिल्ह्यांना सहाच जागा असण्यात. सातवी, आठवी, नववी या तिघीही देशातल्या कितीतरी विद्यापीठांच्या पहिल्या धावपटूंच्या बरोबरीच्या असू शकतात; आणि तसे आहे की नाही, हे कळण्याची सोयच ही पद्धत ठेवत नाही. ट्रॅकवरच्या शर्यतीसारखे क्रॉसकंट्रीचे नसते. एका मैदानावर चिखल, दुसऱ्यावर चढ, तिसऱ्यावर सपाट माळ. तेव्हा वेळ मोजून तुलना होत नाही. कोण सरस, हे ठरवायचे तर दोघींना एकाच दिवशी एकाच वाटेवर धाववावे लागते.

अमेरिकेचा दाखला

महाविद्यालयीन क्रॉसकंट्रीचा सर्वांत मोठा व्याप अमेरिकेत आहे. तेथेही पात्रतेच्या नियमांवर दरवर्षी वाद झडतात, त्यामुळे त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. तेथे महाविद्यालय किंवा विद्यापीठ आपला सात जणांचा संघ उतरवते आणि पाच जणांचे क्रमांक मोजले जातात. पहिल्या श्रेणीसाठी देशाचे नऊ विभाग केलेले आहेत. प्रत्येक विभागातले पहिले दोन संघ आपोआप राष्ट्रीय स्पर्धेला जातात. हे झाले १८. आणखी १३ संघ हंगामभरातली कामगिरी पाहून घेतले जातात. पात्र ठरलेल्या संघांना तुम्ही हंगामात कितीदा हरवले, याचे गुण मोजतात. एकूण संघ ३१. त्याशिवाय ज्यांचा संघ पात्र ठरला नाही, अशा ३८ धावपटूंना वैयक्तिक प्रवेश मिळतो. सगळे मिळून २५५ जण आरंभरेषेवर.

या रचनेतली दोन तत्त्वे मला मोलाची वाटतात. पहिले असे की एखादा विभाग फार बलवान असेल, तर तेथील तिसऱ्या-चौथ्या संघालाही दार उघडे राहते. बलवान शेजारी असणे हा गुन्हा ठरत नाही. दुसरे असे की दुबळ्या संघातल्या चांगल्या धावपटूला एकट्याने जाता येते. पण तिचे दोषही ओळखले पाहिजेत. हंगामभराचे गुण मिळवायचे तर दूरदूरच्या मोठ्या स्पर्धांना जावे लागते. ज्या महाविद्यालयाकडे विमानाचे पैसे आहेत, त्याला गुण मिळवण्याच्या संधी अधिक; ज्याच्याकडे नाहीत, ते घरच्या मैदानावर कितीही चांगले धावले तरी कोणाला हरवले याची नोंद होत नाही. ही पद्धत जशीच्या तशी आणली तर आमच्याकडे जिंकेल ती बस भाड्याने घेऊ शकणारी संस्था. एसटीच्या पासावर येणाऱ्या मुलांचा तेथे निभाव लागणार नाही.

आणि परदेशी तरी कशाला जायचे? पात्रता म्हणजे काय, याचा उत्तम धडा पुण्यानेच शंभर वर्षांपूर्वी दिला होता. डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या सुमारास झालेल्या शर्यतींत खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा ते पाहत होते. कोणतेही शिक्षण नसलेल्या या मुलांच्या वेळा ऑलिंपिकच्या तोडीच्या जवळपास जाताहेत, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यातून १९२० च्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा चमू गेला. त्यातला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वा आला. त्या वेळी कोणी त्यांना आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग अशी शिडी दाखवली नाही. पाहणारा मैदानावर हजर होता आणि त्याला दिसले, एवढेच. आज आपल्याकडे शिडी आहे, पंच आहेत, पुठ्ठ्याचे क्रमांक आहेत. सातव्या क्रमांकाकडे पाहणारा मात्र कोणी नाही.

काय करता येईल?

नुसती तक्रार करून लेख संपवणे सोपे असते. माझ्या अनुभवाला जे सुचते ते मांडतो. जाणकारांनी त्यात दुरुस्ती करावी.

पहिली गोष्ट, क्रॉसकंट्रीलाही इतर सांघिक खेळांप्रमाणे चार विभागांची फेरी असावी. सगळीच विद्यापीठे थेट राष्ट्रीय स्पर्धेला येऊ शकत असल्यामुळे कोणालाही जादा संघ देणे अशक्य होते. आरंभरेषेवर तेवढी जागाच नसते. पश्चिम विभागाची वेगळी स्पर्धा झाली तर तेथे मोठ्या विद्यापीठांना दोन किंवा तीन संघ उतरवू द्यावेत. संलग्न महाविद्यालयांच्या वा विद्यार्थ्यांच्या संख्येवरून हे प्रमाण ठरवता येईल. मग सराटीची आणि अकलूजची मुलगी एकाच दिवशी, एकाच वाटेवर धावतील आणि कोण पुढे, हे नदी न ठरवता पाय ठरवतील.

दुसरी गोष्ट, प्रत्येक विभागातून ठरावीक संघांबरोबरच ठरावीक धावपटूंना वैयक्तिक प्रवेश असावा, आणि त्यांनाही विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून प्रमाणपत्र मिळावे. खर्चाचा मुद्दा निघेल. गणवेश, प्रवासभाडे आणि दैनिक भत्ता यांपलीकडे यात फार काही नाही.

तिसरी, विभागीय स्पर्धेतला दुसरा संघ हा एखाद्या महाविद्यालयाचा असावा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याने विद्यापीठाचा दुसरा संघ म्हणून जावे. तेव्हाच एखादी ग्रामीण संस्था चार वर्षांचा विचार करून मुले घडवील.

चौथी, निवड एकाच सकाळच्या एकाच शर्यतीवर नसावी. दोन चाचण्या घ्याव्यात, त्यांपैकी एक विद्यापीठाच्या दूरच्या टोकाला. कधी इंदापूर-बारामतीकडे, कधी सुरगाण्याकडे, कधी अकोल्याच्या डोंगरात. पहिल्या चौघी क्रमांकाने निवडाव्यात, उरलेल्या दोन जागा दोन्ही चाचण्या पाहून भराव्यात आणि त्याची कारणे लेखी जाहीर करावीत. कारणे जाहीर करण्याची अट महत्त्वाची. ती नसेल तर त्या दोन जागांवर शिफारशीच धावतील.

शेवटची सूचना अगदी साधी. लांबून येणाऱ्या संघांना स्पर्धेच्या आदल्या दुपारी पोहोचता यावे, अशी राहण्याची व्यवस्था आणि तारीख असावी. त्या रात्री मी माझ्या मुलीला बारा वाजता गादीवर झोपवले आणि पाच वाजता उठवले. ती सातवी आली यात त्या रात्रीचा किती वाटा होता, हे मला सांगता येणार नाही. पण गाडी मी ठरवली होती, एक दिवस आधी निघायची परवानगी मागायचा कंटाळा मी केला होता, आणि ते ओझे माझे आहे.

पूल

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तिने आणखी वर्षभर धावून पाहिले. गाळपाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. भरावावरची वाटही वापरात येते. पहाटे एकटीने जाणे घरच्यांना नको वाटू लागले. नंतर लग्न झाले. आता ती पलीकडच्या तालुक्यात असते. मध्यंतरी भेटली तेव्हा कडेवर मूल होते आणि पायात साध्या चपला. मी धावण्याचा विषय काढला नाही, तिनेच काढला. म्हणाली, "सर, त्या दिवशी सहावीच्या वेणीची रिबीन पण दिसत होती मला."

तिचा धाकटा भाऊही धावतो. बारावी झाल्यावर वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. या वेळी त्यांनी काही विचारले नाही. हिशेब त्यांचा त्यांनी केला होता. ज्याने आयुष्यभर पाण्याच्या पाळ्या लावल्या, त्याला कोणत्या चारीला पाणी आधी पोहोचते हे सांगावे लागत नाही. मुलाला नदीपलीकडच्या महाविद्यालयात घालायचे होते. माझ्या शब्दाला तेथे थोडी किंमत होती.

तीस वर्षे मी या काठाच्या मुलांना या काठासाठी धावायला शिकवले. मी फोन उचलला आणि पलीकडच्या सरांना सांगितले की पोरगा चांगला आहे, घ्या.